एकाच भावाचे तीन कागद, तीन नावं: मग खरं कोणतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुणाने विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: "मोठा भाऊ २९ वर्षांचा, शेती करतो. ऑगस्ट २०२२ मध्ये तालुक्याच्या डॉक्टरांनी 'डिप्रेशन' सांगितलं, कागदावर आजाराचा आकडा एफ ३२. पुढच्या उन्हाळ्यात एकदम बिघडला, गावातले लोक विहिरीत विष टाकतात म्हणायला लागला, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी 'ॲक्यूट सायकोसिस', एफ २३. आणि आता दिवाळीनंतर नागपूरला 'बायपोलर', एफ ३१.२. रक्त, थायरॉइड, सीटी स्कॅन, सगळं नॉर्मल. आई म्हणते बाहेरचं आहे. काका म्हणतात हे डॉक्टर अंदाजपंचे सांगतात. यातलं बरोबर कोण? आणि मशीनमध्ये काहीच दिसत नाही तर आजार आहे हे कशावरून?"

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. गेली बावीस वर्षं विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी बसतो आणि ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ओपीडी करतो. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला अमुकच आजार आहे असं इथे बसून सांगणार नाही. कोणी सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. पण हा प्रश्न माझ्या टेबलासमोर आठवड्यातून दोनदा तरी येतो. कृषी सेवा केंद्राच्या प्लास्टिक पिशवीत पाच-सहा जागचे कागद घडी करून आणलेले असतात. पिशवी टेबलावर उलटी होते आणि मागून आवाज येतो, "आता तुम्हीच सांगा, यातलं खरं कोनतं?"

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. मानसिक आजाराचं नाव नेमकं कशाचं असतं, हे तुम्हाला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. ते कळलं की तीन कागदांचं भांडण बरंचसं मिटेल.

तुम्ही शेतीवाले आहात म्हणून कपाशीवरून सांगतो. बोंडअळी झाली की हिरवं बोंड फोडायचं, आत गुलाबी अळी दिसते. वादच संपला. कारण आणि नाव एकच. पण लाल्या? पानं लाल पडली की आपण म्हणतो लाल्या आला. ते नाव दिसण्याचं आहे. मागे मॅग्नेशियमची कमतरता असेल, तुडतुडे असतील, रात्रीची थंडी असेल, नाहीतर पाणी साचून मुळांचा श्वास कोंडला असेल. बऱ्याचदा यातल्या दोन-तीन गोष्टी मिळूनच असतात. म्हणून लाल्या खोटा आहे का? बोंडं गळतात, उतारा घटतो, नुकसान खरंखुरं होतं. आणि नावाचा उपयोगही आहे. नाव कळलं की कुठे बघायचं, काय करायचं, पुढे काय होईल याचा अंदाज येतो.

वैद्यकशास्त्रात अशा नावाला लक्षणसमूह म्हणतात. मानसिक आजारांची बहुतेक नावं या लाल्याच्या जातीची आहेत, बोंडअळीच्या नाही. डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया ही एकत्र येणाऱ्या लक्षणांच्या जुड्यांना दिलेली नावं आहेत. त्या जुड्या ठरावीक चालीने येतात, ठरावीक औषधांना ऐकतात, घराण्यातही काही प्रमाणात उतरतात. पण बोंड फोडून दाखवावी तशी अळी आज आमच्याकडे नाही. स्कॅन नॉर्मल आला याचा अर्थ मेंदूत गाठ, रक्तस्राव असलं काही दिसलं नाही, एवढाच. 'आजार नाही' असा दाखला तो देत नाही.

मग आम्ही नाव देतो कसं? चार गोष्टी बघतो. कोणती लक्षणं एकत्र आहेत, किती दिवस आहेत, त्यामुळे माणसाचं कामधाम आणि नाती किती मोडली आहेत, आणि यामागे दुसरं काही, म्हणजे शरीराचा आजार, दारू-गांजा किंवा एखादं औषध तर नाही ना. सगळ्यात जास्त गफलत दुसऱ्या मुद्द्यात होते, काळात. तुमच्या भावाचं प्रकरणही मला त्यातलंच वाटतं.

एकेक कागद घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये भाऊ आला तेव्हा समजा महिनाभर उदास होता, जेवण तुटलं होतं, पहाटे तीनला जाग यायची, वावरात जायची इच्छा नव्हती. डिप्रेशनसाठी अशी लक्षणं किमान दोन आठवडे, बहुतेक दिवसभर हवीत. त्या दिवशी त्या डॉक्टरांना जे दिसलं त्याला एफ ३२ हेच नाव होतं. उन्हाळ्यात एकाएकी संशय आणि भास सुरू झाले. काही दिवसांत एकदम पेटलेला आणि अजून महिनाही न झालेला आजार असेल तर त्याला एफ २३ म्हणतात, तीव्र आणि तात्पुरता. या नावातच एक 'तूर्तास' दडलेला आहे. हा झटका आलेल्यांपैकी काहींना आयुष्यात पुन्हा काहीच होत नाही, काहींचं निदान पुढे बायपोलर होतं, काहींचं स्किझोफ्रेनिया. कोणाचं काय होणार हे त्या दिवशी सांगता येत नाही. आणि दिवाळीनंतर? झोप दोन तासांवर आली, तरी अंगात ताकद मावेना, बोलणं थांबेना, मोठमोठे बेत, पैसा पाण्यासारखा, आणि वर भ्रमही, असं आठवडाभर किंवा जास्त चाललं असेल तर ती मेनिया. आधीचं डिप्रेशन आणि ही मेनिया एकत्र ठेवली की बायपोलर. एफ ३१.२ चा अर्थच मुळी 'बायपोलर, सध्या भ्रमासह मेनिया'.

म्हणजे तिघांनी तीन वेगळ्या महिन्यांत तीन वेगळी चित्रं पाहिली. नागपूरचे डॉक्टर जास्त हुशार होते असं यातून निघत नाही. त्यांच्या हातात आधीचे दोन कागद होते, पहिल्यांच्या हातात कोरी पाटी होती.

पण पहिल्यांकडून एक प्रश्न राहून गेला असेल, हेही शक्य आहे. राहतो. ओपीडीत ऐंशी-नव्वद माणसं, बाकावर जागा नाही, बाहेर एसटी निघायची घाई. डिप्रेशनच्या प्रत्येक पेशंटला विचारायलाच हवा असा तो प्रश्न: याच्या आधी कधी याच्या उलटं झालं होतं का?

मी तो कसा विचारतो ते सांगतो, कारण 'पूर्वी कधी अतिउत्साह होता का' असं विचारलं तर शंभरातले नव्वद 'नाई' म्हणतात. तारखा कोणाला आठवत नाहीत, सण आणि पिकं आठवतात. मागे असाच एक पोरगा आईबरोबर आला होता, उदास, मान खाली. आईला विचारलं, हे कधीपासून? "पोळ्यापासून जी." त्याआधी पेरणीच्या वेळी कसा होता? "चांगला होता." आणि गेल्या वर्षी, पहिल्या वेचणीला, सीतादहीच्या वेळी? बाई हसल्या. "तवा त लय चांगला होता, जी! रातरात जागून गोठा बांधला. अकरा बकऱ्या आनल्या उधारीवर. गाववाल्यायले म्हने, मी दूध डेअरी टाकतो. सोसायटीच्या सेक्रेटरीसंगं भांडला. झोपतच नोता, पन थकवा नाई." घरच्यांच्या लेखी ती बरकत होती. माझ्या लेखी ते या पूर्ण केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं. त्या वाक्याने नाव बदललं आणि नावाबरोबर औषध बदललं.

नाव बदलल्याने फरक पडतो तो इथेच. साध्या डिप्रेशनवर जी गोळी चालते ती बायपोलर माणसाला एकटी दिली तर काही वेळा त्याला मेनियात ढकलते. बायपोलरला मूड स्थिर ठेवणारं औषध पाया म्हणून लागतं. त्यात लिथियम असेल तर रक्तातली पातळी वेळोवेळी तपासावी लागते. आपल्या मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं की ती पातळी चढते, हे वावरात राबणाऱ्याला आवर्जून सांगावं लागतं. म्हणून 'नाव काही का असेना, गोळी द्या' हे मी कोणाला म्हणत नाही.

आता काकांचा मुद्दा, अंदाजपंचे. काका अगदीच चुकीचे नाहीत, एकेकाळी परिस्थिती जवळपास तशीच होती. १९७० च्या आसपास न्यूयॉर्क आणि लंडन इथल्या मनोरुग्णालयांची तुलना झाली. न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनिया फार सढळ हाताने लिहायचे. दोन्हीकडच्या पेशंटना एकाच ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारले, तेव्हा फरक बराचसा गळून पडला. म्हणजे फरक पेशंटमध्ये कमी आणि डॉक्टरांच्या सवयीत जास्त होता. त्यानंतर १९८० साली मानसिक आजारांच्या डीएसएम या अमेरिकी यादीच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक नावासाठी निकष लिहून आले: इतकी लक्षणं, इतके दिवस. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी ही दुसरी यादी. तुमच्या कागदावरचे 'एफ'वाले आकडे तिच्या दहाव्या आवृत्तीतले आहेत. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण आपल्याकडे जुने आकडे अजून सर्रास चालतात. उद्या एखाद्या कागदावर ६ए६० असं काही दिसलं तर आणखी एक नवा आजार झाला समजू नका. तो बायपोलरचाच नवा आकडा आहे.

तरी निकष लिहिले म्हणून सगळं जमलं असं नाही. यात दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. एक, दोन डॉक्टर एकाच पेशंटला एकच नाव देतात का? याला विश्वासार्हता म्हणू. दुसरा, त्या नावामागे निसर्गात खरंच काही वेगळं आहे का? ती वैधता. दहा कृषी सहायक एका वावराला एकमुखाने 'लाल्या' म्हणाले, तरी कारण एकच आहे हे सिद्ध होत नाही. आणि पहिल्या प्रश्नातही आम्ही पूर्ण पास नाही. डीएसएमची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. तिच्या आधीच्या चाचण्यांत दोन डॉक्टरांचं एकमत मोजलं होतं. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, एक म्हणजे पूर्ण एकमत. बायपोलरच्या ठळक प्रकाराला ०.५६ मिळाले, मोठ्या डिप्रेशनला ०.२८. माझ्याच धंद्याचे हे मार्क आहेत, लपवून काय करू? मेनिया ठळक दिसते, उदासी शंभर रूपांत येते.

यादी माणसांनी बनवलेली आहे, त्यामुळे ती चुकते आणि दुरुस्तही होते. समलैंगिकता १९७३ पर्यंत अमेरिकी यादीत आजार होती, आयसीडीतून ती १९९० साली गेली. म्हणूनच आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहून ठेवलंय की निदान राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य वैद्यकीय निकषांवरच व्हायला हवं. जात, धर्म, राजकारण, गरिबी किंवा 'आमच्या रीतीत बसत नाही' यावर ते होऊ शकत नाही. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला शेतीच्या कामी उपयोगी पडेल. मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस आपोआप कायद्याने 'वेडा' ठरत नाही, ते फक्त न्यायालय ठरवू शकतं. सातबाऱ्याच्या वादात भाऊबंद असले कागद नाचवताना मी पाहिले आहेत. तुमचे तिन्ही कागद जपून ठेवा आणि गावभर दाखवू नका.

चौथ्या गोष्टीकडे येतो, म्हणजे 'दुसरं काही नाही ना'. तुमच्याकडे थायरॉइड तपासला, चांगलं झालं. हे का करतो, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो. पैनगंगेच्या बाजूच्या गावची चाळिशीची बाई, सुस्त, उदास, काही करावंसं वाटत नाही. मी डिप्रेशन लिहिलं. दोनदा डोस वाढवला. तिसऱ्या वेळी आमच्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, बाहेर ४३ डिग्री हाय आन् या बाईच्या अंगावर स्वेटर हाय." मी पेनातून मान वर काढून पहिल्यांदा नीट पाहिलं. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, कातडी कोरडी. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पाठवली, तर आकडा आभाळाला भिडलेला. थायरॉइडची गोळी सुरू केली आणि काही महिन्यांत बाई निंदणाला जायला लागल्या. तेव्हापासून थायरॉइड, बी-१२, साखर या तपासण्या मी आधी लिहितो, गोळी नंतर.

दारूचंही असंच. पाय मोडून दवाखान्यात भरती झालेला माणूस तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चादरीवरचे नसलेले किडे वेचायला लागतो, हात थरथरतात, घाम फुटतो, आपण कुठे आहोत तेही कळत नाही. घरचे म्हणतात पागल झाला. ते रोजची दारू अचानक तुटल्याचं लक्षण आहे. बहुधा दोन-तीन दिवसांनी येतं आणि वेळीच उपचार नाही केले तर जीवही घेऊ शकतं. भास कानापेक्षा डोळ्यांना जास्त होत असतील, शुद्ध कमी-जास्त होत असेल, ताप किंवा झटके असतील, तर मनाच्या यादीआधी शरीराची यादी उघडायची. भावाला कधी मिरगी, डोक्याला मार, गांजा, सांधेदुखीसाठी कुठूनतरी आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यातलं काही असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा. शेवटचं बहुतेक लोक सांगत नाहीत.

आईंच्या 'बाहेरचं' या शब्दाला मी हसत नाही, आणि तुम्हीही घरात त्यावरून भांडू नका. गावात 'अंगात येते' या एका शब्दाखाली माझ्याकडे निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, नवरात्रात आरतीच्या वेळी एखाद्या बाईच्या अंगात येतं, लोक पाया पडतात, अर्ध्या तासाने ती उठून स्वयंपाकाला लागते. यात आजार नाही. आयसीडीत ताबा घेतल्यासारख्या अवस्थेचा आजार आहे, पण समाजात मान्य धार्मिक रीतीचा भाग असेल तर तो धरू नये असं तिथेच स्पष्ट सांगितलंय. दुसरी, नवी सून, सासरी जायचा दिवस आला की अंगात येतं, दुसऱ्याच आवाजात बोलते, नंतर काही आठवत नाही. तिच्या इच्छेवर ते नाही, त्याने तिचं जगणं अडतं. ते मात्र निदानात बसतं, आणि तिथे गोळीपेक्षा सासरच्या घरात काय चाललंय हे विचारणं जास्त महत्त्वाचं. तिसरी, तीन आठवडे झोप नाही, सतत बडबड, देव मला हुकूम देतो, मी गावाचा उद्धार करणार, कर्ज काढून भंडारा. त्यात देवाचं नाव असलं तरी जुडी मेनियाची आहे. भावाच्या बाबतीत आईंना नेमकं काय दिसलं ते विचारा. 'बाहेरचं' हा त्यांचा निष्कर्ष झाला. त्याच्या आधीचं जे पाहणं आहे ते माझ्यासारख्याला सोन्यासारखं. त्यांना देवळात जायचं असेल तर जाऊ द्या, गोळी खिशात घेऊन. पण भगताने मारलं, धूर दिला, साखळीला बांधलं, तर तो राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

दुःख आणि आजार यांच्यातली रेघ कुठे मारायची, हे तुम्ही विचारलं नाही, पण विदर्भात राहून ते टाळता येत नाही. सोयाबीनच्या गंजीवर पाऊस पडून कोंब फुटले, सोसायटीची नोटीस आली, अशा माणसाने रडायचं नाही तर काय करायचं? त्याला मी त्याच दिवशी आजारी ठरवत नाही. मी बघतो की लेक माहेरी आली तर चेहरा खुलतो का, चहाच्या टपरीवर जातो का, सकाळी बैल सोडतो का. सगळंच बंद झालं असेल, आठवडे लोटले असतील, 'माझ्याच पापामुळे झालं' असं घोकत असेल, मरणाचं बोलत असेल, तर कारण डोळ्यांसमोर दिसत असलं तरी तो आजार आहे आणि उपचार हवाच. कारण समजलं की आजार नाकारायचा, ही चूक शिकलेले लोक जास्त करतात. उलट टोकाला मोबाईलवरची नऊ प्रश्नांची चाचणी असते. २७ पैकी १० किंवा वर आले की लोक स्वतःच ठरवतात. ती चाळणी आहे. चाळणीत अडकलेलं मग हाताने निवडावं लागतं.

हे हाताने निवडायचं काम गावातही होऊ शकतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवर प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते लोकांशी त्यांच्याच भाषेत, 'टेन्शन'वरून बोलायचे. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षानंतर २७.२ टक्के झालं. नाव बाजूला ठेवून बोलणं सुरू झालं की माणसं येतात, हा माझाही अनुभव आहे. "मले कसंतरी होते, डोकं काम नाई करत" एवढं सांगितलं तरी माझं काम सुरू होतं.

आता तुमच्या हातातलं. पुढच्या तारखेला जाताना वहीच्या एका पानावर तीन वर्षांची उभी पट्टी काढा. बाजूला सण आणि पिकं लिहा: अक्षय्य तृतीया, मृग, पोळा, दसरा, पहिली वेचणी, दिवाळी, तूर काढणी, होळी. प्रत्येकासमोर तीनच गोष्टी लिहा: झोप किती, पैसा कसा खर्च झाला, कामाला जात होता की नाही. कोणती गोळी कधी सुरू आणि कधी बंद झाली, तेही. विशेषतः २०२२ ची गोळी किती दिवस घेतली आणि उन्हाळ्यातला झटका त्यानंतर किती दिवसांनी आला. हे पान आईजवळ बसून भरा, एकट्याने नको. आणि घराण्यात मामा, काका, आजोबा यांच्यापैकी कोणी 'चक्रम', 'लय हुशार पण डोकं फिरलेला', 'अचानक घर सोडून गेलेला' असं होतं का, तेही विचारा. बायपोलरची घराण्यातली खूण बहुधा अशाच शब्दांत दडलेली असते.

डॉक्टरांना 'नाव बरोबर आहे का' असं विचारू नका, उत्तर 'हो' असंच येईल. त्याऐवजी विचारा: हे नाव तुम्ही कशावरून दिलंत, यातलं किती पक्कं आहे, आणि काय दिसलं तर तुम्ही ते बदलाल? चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. चिडला तर दुसरीकडे दाखवायला हरकत नाही, पण चौथ्या ठिकाणी जाल तेव्हा पहिले तीन कागद लपवू नका. 'नव्या डॉक्टरने स्वतः ओळखावं' म्हणून कागद घरी ठेवून येणारे पुष्कळ असतात. मग त्या डॉक्टरपुढे पुन्हा कोरी पाटी.

दिव्यांग प्रमाणपत्राचा विचार असेल तर नुसत्या नावावर ते मिळत नाही. स्वतःची काळजी, बोलणं-वागणं, समज, काम, आणि आजाराला किती वर्षं झाली, असं मोजून टक्के काढतात आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. भाऊ मधल्या काळात चांगला कामाला जात असेल तर कदाचित बसणार नाही. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका.

एक काम मात्र आजच करा. फवारणीची औषधं घरातून हलवा, वावरातल्या खोलीत कुलपात, किल्ली तुमच्याकडे. बायपोलरमध्ये मेनिया उतरल्यावर जी उदासी येते त्या काळात धोका जास्त असतो, आणि आपल्याकडे तो डबा हाताला फार सहज लागतो. भाऊ मरणाचं बोलला तर तारखेची वाट न बघता घेऊन निघा. रात्री-बेरात्री काही सुचेना तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आणि कागदावरच्या एफ ३१ पुढचा आकडा पुढच्या खेपेला बदललेला दिसला तर पुन्हा गोंधळू नका. पहिले दोन आकडे आजाराचे, टिंबानंतरचा सध्याच्या अवस्थेचा. .२ म्हणजे भ्रमासह मेनिया, .७ म्हणजे सध्या लक्षणं नाहीत. .७ आला की बहुतेक घरी गोळ्या बंद होतात आणि पुढच्या दिवाळीला तो पेशंट परत माझ्या बाकावर असतो. तो आकडा दिसेल त्या दिवशी डॉक्टरांना एवढंच विचारा: गोळी अजून किती महिने?